रोग्याच्या उशाशीं बसणारे
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगीं रोगाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या घरीं जुनाट दुखणें ठाण मांडून बसलें आहे, त्या घरचीं माणसें या मांडवांत येऊं शकलीं नाहींत, हें ध्यानांत घेऊन आम्हीं हाच विषय निवडिला आहे.

आमच्या वडील बंधूंचीं दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालीं, व २०१३ पासून २०१९ पर्यंत ते डायलिसिसवर होते. यंत्रानें रक्त शुद्ध करून घेण्याचा हा उपचार आठवड्यांतून दोन किंवा तीन वेळां करावा लागतो, व प्रत्येक वेळीं सुमारें चार तास जातात. हा झाला इस्पितळाचा हिशेब. घरच्या हिशेबांत पहाटे उठणें, रिक्षा, आगगाडी, नंबर लागेपर्यंत बसणें, आणि परततांना गळून गेलेल्या माणसास खांदा देणें, असा सबंध दिवस मोडतो. यंत्राशीं जोडण्याकरितां ज्या हाताच्या रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेनें सांधलेल्या असतात, त्या हातावर रक्तदाब मोजूं द्यावयाचा नाहीं, एरवीची सुई टोंचूं द्यावयाची नाहीं. आणि नव्या परिचारिकेस हें दर वेळीं सांगणारें माणूस घरचेंच. पाणी मापून द्यावयाचें, मीठ हात राखून. त्यांतून आपण वसईकर! केळीं आणि शहाळीं यांवांचून आपला पाहुणचार नाहीं, आणि या रोगांत तींच वर्ज्य. कारण त्यांतील पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांस बाहेर टाकतां येत नाहीं, व तें रक्तांत फार वाढल्यास हृदय बंद पडण्याचें भय असतें. भेटीस येणाऱ्या सज्जनांचीं शहाळीं दारांतूनच परत करण्याचें काम आमच्या वहिनींनीं केलें, व त्यापायीं कांहीं आप्त अजून रुसलेले आहेत.

या सहा वर्षांत वहिनी इस्पितळाच्या बांकावर सहाशेंहून अधिक वेळां बसल्या असतील. औषधालय, रक्त तपासणीची खिडकी, कागदांची फाईल, सर्व त्यांस मुखोद्गत. ज्या योजनेस २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांचें नांव आहे, व त्यापूर्वीं राजीव गांधी यांचें होतें, त्या योजनेखालीं डायलिसिस विनामूल्य होतें, आणि कागदपत्रांच्या साहाय्यासाठीं तेथें आरोग्यमित्र नेमलेला असतो, हें आम्हांस कळलें तें दोन वर्षें पदरचे पैसे भरल्यावर. आणि तेंही शेजारीं बसलेल्या एका अनोळखी बाईकडून. ती बाईही आपल्या मुलाला घेऊन आली होती. तो बांक हीच आमची शाळा, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्याच बांकापासून वीस पावलांवर रक्तदाब मोजण्याची खोली होती. वहिनींनीं तींत स्वतःकरितां एकदांही पाऊल टाकलें नाहीं. आम्हींही त्यांस कधीं "जा" म्हटलें नाहीं, हा दोष सर्वस्वीं आमचा. दादा वारल्यावर चौथ्या महिन्यांत त्या स्वयंपाकघरांत पडल्या. तेव्हां रक्तांतील साखर व रक्तदाब, दोन्ही फार दिवसांपासून वाढलेलीं आहेत असें निष्पन्न झालें. डॉक्टरांनीं विचारिलें, "इतकीं वर्षें कोणाला दाखविलें नाहीं काय?" त्या म्हणाल्या, "दर आठवड्याला इस्पितळांतच तर होतें मी."

आमचें मागणें थोडें आहे. ज्यांस आठवड्यांतून एक दिवस मोकळा असेल, त्यांनीं आपल्या वाडींतील रोग्याबरोबर इस्पितळांत जाऊन बसावें, आणि त्या दिवशीं घरच्या माणसास स्वतःच्या नांवाचा केसपेपर काढावयास धाडावें. आपलीं नांवें मिस्सानंतर चर्चच्या कचेरींत द्यावीं. जातांना शहाळें मात्र नेऊं नये.