जुनी वस्ती आणि नवी घरे

(लोकप्रतिनिधी, शिक्षक व स्थानिक संस्थांचे कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घर ही ज्याची त्याची मालमत्ता असते; परंतु घरासमोरचा रस्ता, नळाला येणारे पाणी, सांडपाण्याची गटारे, खिडकीतून येणारा उजेड आणि वारा या गोष्टी कोणा एकट्याच्या मालकीच्या नसतात. एखाद्या जुन्या वस्तीत दुमजली घर पाडून तेथे सात मजली इमारत उभी राहू लागली की दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. मालक विचारतो, "माझ्या जागेवर मी काय बांधावे हे सांगणारी नगरपालिका कोण?" आणि शेजारी विचारतो, "नगरपालिकेने हे होऊच कसे दिले?" दोन्ही प्रश्न परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे उत्तर एकच आहे. मालकीच्या भूखंडावर किती भार टाकावा हे त्या भूखंडाभोवतीच्या सामायिक सोयींना किती भार पेलवेल यावर अवलंबून असते. निवासी विभागासाठी केलेल्या बांधकामविषयक नियमांचे मूळ या साध्या विचारात आहे.

प्लेगने शिकविलेला धडा

हा विचार आपल्याकडे ग्रंथांतून आला नाही, तो आपत्तीतून आला. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. मांडवीसारख्या दाट वस्तीत, जेथे चाळींच्या आतील खोल्यांना उजेड मिळत नव्हता आणि दोन इमारतींमधील बोळ सांडपाण्याने भरलेले असत, तेथे या रोगाने प्रथम डोके वर काढले. या साथीनंतर १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी एक स्वतंत्र विश्वस्त मंडळ कायद्याने स्थापन झाले. मुंबईकर त्यास 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' या नावाने ओळखत. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे, हवा खेळती ठेवणे आणि शहराच्या उत्तरेकडे नव्या वसाहती वसविणे ही कामे ट्रस्टकडे सोपविण्यात आली.

ट्रस्टच्या कामाची दोन रूपे आजही डोळ्यांसमोर आहेत. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते जुन्या वस्त्या फोडून काढण्यात आले. परंतु घरे पाडण्याचा वेग आणि विस्थापितांसाठी घरे बांधण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही. घर गेलेली गरीब कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. याउलट दादर-माटुंग्याच्या योजनेत आधी जमीन संपादन करण्यात आली, मग रस्ते आखले गेले, गटारे बांधली गेली, बागांसाठी जागा राखून ठेवण्यात आली आणि त्यानंतर भूखंड भाडेपट्ट्याने देण्यात आले. इमारतींच्या उंचीवर व सभोवतालच्या मोकळ्या जागेवर अटी घालण्यात आल्या. हिंदू कॉलनी, मंचेरजी एदलजी जोशी यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली पारशी कॉलनी आणि पाच बगीच्यांचा परिसर ही त्या क्रमाची फळे होत. आधी सोयी व मग घरे, हा तो क्रम.

त्याच काळात ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा पुरस्कार केला. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेषा साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा अधिक चढती नसावी, असे त्याचे स्वरूप होते. साध्या शब्दांत सांगावयाचे तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या सुमारे दुपटीहून अधिक असू नये. आजच्या नियमावलीत ज्यांना सामासिक अंतरे म्हणतात, त्यांच्यामागील हेतू यापेक्षा निराळा नाही. खालच्या मजल्यावरील कुटुंबालाही आकाशाचा तुकडा दिसला पाहिजे, एवढेच त्यात सांगितलेले आहे.

चटईक्षेत्राचे गणित

पुढे १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने नगररचनेस कायद्याचा आधार दिला. १९५४ च्या अधिनियमाने नगरपालिकांवर विकास योजना तयार करण्याची जबाबदारी टाकली आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याने राज्यातील सर्व नियोजनास आजची चौकट मिळवून दिली. विकास योजनेच्या नकाशावर कोणती जमीन निवासी, कोणती वाणिज्य, कोणती औद्योगिक आणि कोणती शाळा, बाग व दवाखान्यासाठी राखीव, हे दाखविलेले असते. निवासी विभाग म्हणजे केवळ घरेच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. किराणा दुकान, डॉक्टरांचा दवाखाना, पिठाची गिरणी यांनाही तेथे अटींवर व मर्यादेत स्थान असते. कारण ज्या वस्तीत दळण आणि औषध मिळत नाही ती वस्ती राहण्याजोगी नसते.

भूखंडावर किती बांधावे, याचे माप म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. भूखंडाच्या क्षेत्रफळाशी सर्व मजल्यांच्या एकूण बांधीव क्षेत्राचे जे प्रमाण, तो हा निर्देशांक. मुंबईत १९६४ च्या विकास आराखड्याबरोबर ही कल्पना आली. १९९१ च्या नियमावलीने तो शहर भागात सर्वसाधारणपणे १.३३ आणि उपनगरांत १.०० असा ठरविला. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नियमावलीने हे मूळ निर्देशांक कायम ठेवून रस्त्याच्या रुंदीनुसार जादा चटईक्षेत्राची सोय केली. रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर अशी वाढ नाही. शहर भागात २७ मीटर किंवा अधिक रुंदीच्या रस्त्यावर मात्र एकूण निर्देशांक ३ पर्यंत नेता येतो.

या आकड्यांचा घरगुती अर्थ पाहू. भूखंड ५०० चौरस मीटरचा आहे आणि एका कुटुंबास ७० चौरस मीटर बांधीव क्षेत्र लागते, असे धरू. निर्देशांक १.३३ असता तेथे ६६५ चौरस मीटर, म्हणजे ९ कुटुंबांची सोय होते. निर्देशांक ३ असता १,५०० चौरस मीटर, म्हणजे २१ कुटुंबांची सोय होते. कुटुंबात पाच माणसे धरली आणि माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले, तर पहिल्या इमारतीस सुमारे ६ हजार लिटर आणि दुसरीस सुमारे १४ हजार लिटर पाणी रोज लागेल. त्यातील बहुतेक पाणी सांडपाणी होऊन त्याच जुन्या गटारात उतरेल. एका गल्लीत असे दहा भूखंड असतील तर काय होईल, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. म्हणूनच निर्देशांक रस्त्याच्या रुंदीशी जोडणे तर्कशुद्ध आहे. परंतु रस्ता रुंद असला म्हणजे त्याखालची जलवाहिनीही मोठी असतेच असे नाही, हे परवानगी देणाऱ्याने विसरता कामा नये.

दोन्ही बाजूंचे खरे

मग जुन्या वस्त्या आहेत तशाच ठेवाव्यात काय? याचे उत्तरही सरळ 'होय' असे देता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. याची कारणे अनेक आहेत. तथापि सोयींनी संपन्न अशा वस्तीत नवी घरे बांधण्यास वाव नसेल, तर तेथील घरांच्या किमती वाढतात आणि मध्यम व अल्प उत्पन्नाची कुटुंबे दूर फेकली जातात, हे त्यांपैकी एक कारण नाकारता येणार नाही. ज्या नियमाने उजेड राखला, तोच नियम पुढे नव्या कुटुंबांना दार बंद करणारा ठरू शकतो.

२०१२ साली मुंबईच्या वारसा यादीत भर घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध झाला आणि त्यात शिवाजी पार्क व दादरच्या जुन्या वसाहतींचा समावेश होता. तेव्हा एकाच परिसरातील रहिवाशांत मतभेद झाले. काहींना परिसराचे रूप टिकेल म्हणून समाधान वाटले; तर काहींना आपल्या जीर्ण इमारतीचा पुनर्विकास अडेल अशी भीती वाटली. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली राहणाऱ्या भाडेकरूला वारशाचा अभिमान सांगून भागत नाही. आणि ज्याच्या खिडकीसमोर अवघ्या काही फुटांवर भिंत उभी राहणार आहे, त्याला घरांच्या टंचाईचे आकडे सांगूनही भागत नाही. दोघांचेही म्हणणे खरे आहे. नियमाने यांपैकी एकाची बाजू घ्यावयाची नसून, किती नवी कुटुंबे येऊ शकतील आणि त्यांच्यासाठी पाणी, गटार व रस्ता आधी कसा तयार होईल, हे ठरवावयाचे आहे. दादर-माटुंग्याच्या उभारणीत पाळलेला क्रम वाढीव बांधकामासही तितकाच लागू आहे.

कायद्याने दिलेली संधी

हे ठरविण्याची वेळ इमारतीचा पाया खोदला जात असताना येत नाही. ती त्यापूर्वीच, विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा येते. १९६६ च्या अधिनियमाप्रमाणे प्रारूप योजनेची सूचना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते, नकाशे लोकांना पाहण्यासाठी ठेवावे लागतात आणि ठरविलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागवाव्या लागतात. हरकती घेणाऱ्यांना म्हणणे मांडण्याची संधी मिळते. मंजूर योजनेत पुढे फेरबदल करावयाचा झाला तरी सूचना देऊन लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. योजनेचा फेरविचार वीस वर्षांतून किमान एकदा व्हावा, अशीही तरतूद आहे.

ही तरतूद कागदावरची नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास योजनेचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रेल्वे स्थानकांच्या परिसरात ८ पर्यंत निर्देशांक त्यात सुचविण्यात आला होता. नागरिकांनी, वास्तुविशारदांनी आणि वस्त्यांतील संघटनांनी नकाशे बारकाईने तपासले. चुकीच्या नोंदी, वगळलेल्या वारसा वास्तू आणि उभ्या इमारतींवरून आखलेले रस्ते दाखवून दिले. हजारो हरकती आल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने त्या प्रारूपाची फेरतयारी करण्याचा आदेश दिला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि योजनेस २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. मुदतीत, पुराव्यासह आणि नकाशावर बोट ठेवून घेतलेल्या हरकतीचे बळ या उदाहरणावरून दिसून येते. मुदत टळल्यावर काढलेल्या मोर्चाला ते बळ येत नाही.

गावठाण आणि गुंठेवारी

हा केवळ महानगराचा प्रश्न आहे, असे पंचायत सदस्यांनी समजू नये. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याने गावातील बांधकामावर नियंत्रण ठेवण्याची जबाबदारी पूर्वीपासून पंचायतीवरही टाकलेली आहे. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता उर्वरित राज्यासाठी २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर झाली. गावठाणात घरे एकमेकांना लागून असतात आणि गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या असतात. तेथे एकाने ओटा पुढे घेतला, दुसऱ्याने पायऱ्या वाढविल्या, तिसऱ्याने वरच्या मजल्याचा सज्जा बाहेर काढला की पाहता पाहता गल्ली निम्मी होते. मग आग लागल्यास पाण्याचा बंब आत शिरत नाही आणि अडलेल्या बाळंतिणीला खाटेवरून बाहेर आणावे लागते.

गावाबाहेरचे चित्र निराळे असले तरी शिकवण तीच आहे. शहरालगतच्या शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे विकले गेले. मंजूर आखणी नाही, गटार नाही, रस्ता दहा फुटांचा. पण किंमत परवडणारी, म्हणून कष्टकरी कुटुंबांनी आयुष्याची कमाई तेथे घातली. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्यास २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कागदावर घर नियमित होते. परंतु दोन्ही बाजूंनी पक्की घरे उभी राहिल्यावर रस्ता रुंद होत नाही. ज्याला नियमाप्रमाणे घर परवडत नाही तो नियमाबाहेर घर बांधतो, ही वस्तुस्थिती नियम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. आणि नियमाबाहेरचे घर अखेरीस महाग पडते, हे ते घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

प्रत्येकाचा वाटा

या कामात येथे जमलेल्या प्रत्येकाला वाटा आहे. अधिकाऱ्यांनी नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर टांगून न थांबता तो वस्तीत नेऊन, कोणता रंग कशाचा आणि कोणती रेषा कोणाच्या अंगणातून जाते, हे समजावून सांगावे. परवानगी देताना रस्त्याबरोबर नळ आणि गटारही तपासावे. पंचायत सदस्यांनी ओटा पुढे आल्याची तक्रार पहिल्या दिवशी हाताळावी, कारण घरात लोक राहावयास आल्यानंतर ती हाताळणे कोणालाही सोपे नसते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गल्लीची रुंदी मोजून घ्यावी, घरे मोजून घ्यावीत आणि विहिरीचे किंवा नळाचे पाणी कितींना पुरते याचे गणित फळ्यावर मांडावे. नागरिकशास्त्राचा तो धडा मुले विसरणार नाहीत.

जागा घेणाऱ्या प्रत्येकाने मंजूर नकाशा पाहावा, आणि राहावयास जाण्यापूर्वी भोगवटा प्रमाणपत्र मागावे. आपल्या गावाच्या किंवा शहराच्या विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध होईल तेव्हा ते पाहण्यासाठी एक दिवस काढावा. त्या दिवशी आखलेल्या रेषेप्रमाणे पुढची वीस वर्षे घरे उभी राहणार असतात, आणि ज्यांना अद्याप घर मिळालेले नाही त्यांची जागाही त्याच नकाशावर ठरत असते.