'तू' आणि 'उस्तेद' : पन्नाशीनंतरची स्पॅनिश बाराखडी

(भीमजयंती मेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'आरोग्य' असा विषय छापला आहे. मधुमेहावर आम्ही दरवर्षी बोलतो आणि दरवर्षी भाषणानंतरच्या भोजनात गुलाबजाम असतातच. म्हणून यंदा विषय बदलण्याची मुभा घेत आहोत. पन्नाशी उलटल्यावर आम्ही स्पॅनिश भाषा मुळाक्षरांपासून शिकू लागलो, त्याची ही हकीकत आहे.

आमचा दवाखाना फ्रेस्नोच्या परिसरात आहे. द्राक्षे, बदाम, टोमॅटो यांचा हा मुलूख आणि तो पिकवणारे बहुतेक हात मेक्सिकोतून आलेले. ह्याच कॅलिफोर्नियात १९०९ साली पंजाबातील मंगूराम मुगोवालिया नावाचा एक अस्पृश्य तरुण शेतमजूर म्हणून राबला, गदर चळवळीत सामील झाला आणि मायदेशी परतल्यावर १९२६ साली त्याने आद-धर्म चळवळ उभी केली. त्या काळी या शेतांत पंजाबीही ऐकू येत असे. आता प्रामुख्याने स्पॅनिश ऐकू येते. या देशात चार कोटींहून अधिक माणसे घरात स्पॅनिश बोलतात. आम्ही मात्र वीस वर्षे पाच-सहा शब्दांवर निभावून नेले. 'दोलोर' म्हणजे वेदना, 'आकी' म्हणजे इथे, 'बिएन' म्हणजे ठीक. बाकीचे काम परिचारिका करीत, आणि त्या नसल्या की टेलिफोनवरचा दुभाषी.

एका सायंकाळी एक बाई आल्या. स्तनात गाठ होती. परिचारिका घरी गेलेली, टेलिफोनवरचा दुभाषी लवकर मिळेना. बाईंबरोबर त्यांची दहा वर्षांची मुलगी होती आणि ती उत्तम इंग्रजी बोलत होती. आम्ही तिला सांगितले, आईला म्हणावे, ही गाठ कर्करोगाची असू शकते, ताबडतोब तपासणी करायला हवी. मुलीने आमच्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले आणि म्हणाली, 'तोदो एस्ता बिएन, मामा.' आमच्या पाच-सहा शब्दांत 'बिएन' होता, म्हणून कळले. तो नसता तर ती माउली 'सगळे ठीक आहे' एवढेच ऐकून घरी गेली असती. आम्ही थांबलो, दुभाषी मिळेपर्यंत वाट पाहिली आणि सर्व पुन्हा सांगितले. मुलाला असे दुभाषी करणे २०१६ सालच्या नियमांनी, आणीबाणीचा प्रसंग वगळता, निषिद्ध ठरवलेले आहे, हे आम्हांस ठाऊक होते. घाई होती, ही काही सबब नव्हे.

त्याच आठवड्यात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात सायंवर्गाला नाव घातले. वर्गात एकोणीस-वीस वर्षांची मुले आणि त्यांच्यात पांढऱ्या केसांचे आम्ही. पहिल्या चाचणीत आम्ही खालून दुसरे आलो. ज्याला तीस वर्षे सर्वजण 'डॉक्टर, डॉक्टर' म्हणत आले आहेत, त्याने आकडे चुकवून माना खाली घालाव्यात, हे औषध कडू असले तरी गुणकारी आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतही त्यांनी स्वतःच्या बळावर मिळवले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पाली व्याकरण व पाली शब्दकोशाचे काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले आहे. तो जाडजूड खंड घरच्या कपाटात दिसत असताना आम्ही क्रियापदांचा कंटाळा कोणत्या तोंडाने करावा?

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. आमचे अमेरिकन सहाध्यायी 'त' आणि 'द' उच्चारताना जिभेशी झगडत. आमची जीभ ते आईच्या मांडीवरच शिकलेली. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण आणि तिचे शब्द आपल्या घराघरांत आहेत. 'पागार' म्हणजे पैसे देणे, तोच आपला पगार. दाराची 'बिसाग्रा' म्हणजे बिजागरी. त्याहून मोठा आनंद वाक्यरचनेचा झाला. इंग्रजीत माणूस वेदना 'बाळगतो'. स्पॅनिशमध्ये 'मे दुएले', म्हणजे मला दुखते. आमची आई असेच सांगत असे. अवघड गेले ते 'आहे'. आपल्या एका 'आहे'साठी तिथे दोन क्रियापदे, 'सेर' आणि 'एस्तार'. शिक्षिकेने सांगितले, कायमचे असेल तर पहिले, तात्पुरते असेल तर दुसरे. मग 'तो मृत आहे' याला दुसरे का, असे आम्ही वैद्यकीय शंकेने विचारले. वर्ग हसला. उत्तर अजून मिळालेले नाही.

आता मुख्य गोष्ट. स्पॅनिशमध्ये जवळच्याला 'तू' म्हणतात. शब्द तोच, उच्चारही तोच. वडीलधाऱ्या वा अपरिचित व्यक्तीला 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आपले 'आपण'. पुस्तकात 'तू'चे रूप आधी येते, आम्हांस ते सोपे गेले आणि आम्ही ते उत्साहाने सर्वत्र वापरू लागलो. एके दिवशी सत्तरीचे एक शेतमजूर आले. आम्ही मोठ्या ऐटीत विचारले, 'कोमो एस्तास?' कसा आहेस? त्यांनी नजर खाली वळवली आणि हळूच उत्तर दिले. ते गेल्यावर आमची परिचारिका म्हणाली, 'डॉक्टर, ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत.'

मित्रहो, त्या क्षणी आम्हांला विदर्भातील आमचे गाव आठवले. आमच्या आजोबांना पाटलांचा आठ वर्षांचा मुलगा 'काय रे' म्हणून हाक मारी आणि आजोबा 'जी' म्हणून उभे राहत. खाली वळलेली ती नजर आम्ही ओळखतो. ती आम्ही घरात पाहिली आहे. आणि इथे पांढरा कोट घालून आम्हीच तो पाटलाचा मुलगा झालो होतो. अज्ञानाने झालो, हे खरे. पण ज्याला हाक मारली जाते त्याला अज्ञान आणि उद्दामपणा यांतला फरक कसा कळावा?

पुढच्या भेटीत आम्ही त्यांच्या नावाआधी 'दोन' लावले. हा आकडा नव्हे, आपल्या 'राव'सारखे मानाचे संबोधन आहे. 'उस्तेद'च्या रूपाने विचारपूस केली आणि मागच्या वेळेची क्षमा मागितली. व्याकरण चुकले असावे, कारण ते हसले. मग म्हणाले, स्पॅनिश माझीही नाही. ते ओआहाकाचे, मातृभाषा मिश्तेको. मोठे झाल्यावर शेतांत काम करता करता स्पॅनिश शिकले, आणि त्यांच्या उच्चारांवरून मेक्सिकोतलेच लोक त्यांना 'इंदियो' म्हणून हिणवीत. जन्मावरून माणसांची वर्गवारी करणाऱ्या व्यवस्थेला स्पॅनिश वसाहतींत 'कास्ता' म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनी आपल्या जातींना लावला आणि तोच पुढे इंग्रजीत गेला. मेक्सिकोने १८२१ साली, इग्वालाच्या योजनेत, सर्व रहिवाशांना समान नागरिक म्हटले. तरी ओआहाकाच्या म्हाताऱ्याला दोनशे वर्षांनंतर 'इंदियो' ऐकावे लागते. हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. दोन शिकाऊ माणसे संथपणे बोलली की एकमेकांना चांगले समजते, असा आमचा तेव्हापासूनचा अनुभव आहे.

मात्र तरुण डॉक्टरांना एक इशारा. थोडी भाषा ही काही वेळा मुळीच नसण्यापेक्षा घातक ठरते. १९८० साली फ्लोरिडात विली रामिरेझ नावाचा १८ वर्षांचा मुलगा बेशुद्धावस्थेत इस्पितळात आला. घरच्यांनी 'इंतोक्सिकादो' म्हटले. खाण्यातून काही बाधले असावे, असा त्यांचा अर्थ. डॉक्टरांनी तो शब्द इंग्रजीच्या अंगाने घेतला आणि अमली पदार्थांचा अतिरेक समजून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होता. मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. दुभाषी बोलावला गेला नव्हता, कारण आपले एकमेकांना समजते आहे असे दोन्ही बाजूंना वाटत होते. इंग्रजीतला 'वन्स' देखील औषधाच्या चिठ्ठीवर स्पॅनिश डोळ्यांना 'ओन्से', म्हणजे अकरा, असा दिसतो. म्हणून शस्त्रक्रियेची संमती किंवा गंभीर निदान असले की आम्ही आजही दुभाषी बोलावतो आणि तो येईपर्यंत थांबतो.

२००० सालचा भाषासाहाय्याविषयीचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला. नागरी हक्कांचा १९६४ चा कायदा आणि आरोग्यकायद्याचे कलम १५५७ मात्र उभे आहेत. आपल्या दवाखान्यांत, इस्पितळांत कोणी 'आता दुभाष्याची गरज नाही' असे म्हणू लागले, तर हे दोन आधार ध्यानात असू द्यावेत.

त्या बाईंची गाठ साधी निघाली. मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे आणि आईबरोबर येते तेव्हा बाहेर बसून गृहपाठ करते. आमचाही गृहपाठ तिने दोनदा तपासून दिला आहे. येत्या बुधवारी भूतकाळाच्या रूपांची परीक्षा आहे, म्हणून भोजनानंतर आम्ही लवकर निघणार आहोत. क्षमा असावी.

जय भीम!