पाणी कोण शेंदत होतं?

अलीकडच्या कौटुंबिक कथा-कादंबऱ्यांत आणि मालिकांत एक घर पुन्हा पुन्हा भेटते. मोठे अंगण, झोपाळा, जेवणाच्या पंगती, सुट्टीत जमणारी भावंडे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्याला ते हवेसे वाटते. याला आपण स्मरणरंजन म्हणतो. त्यात गैर काही नाही. मीही त्याच वाटेवरचा.

आमच्या गावच्या घरावर मी एक कविता लिहिली होती. अंगणातला कडुनिंब, ईदच्या सकाळी दरवळणारा शिरखुर्मा, अब्बांची आरामखुर्ची, आडाचे गार पाणी. थोरल्या बहिणीला, आपाला, ती वाचून दाखवली. ती म्हणाली, ''छान आहे रे. पाणी गार होतं हे खरं. पण ते शेंदत कोण होतं?''

सातवीनंतर आपाची शाळा सुटली. घरात पाणी भरायला माणूस हवे होते. मी मात्र बी.ए. झालो. माझ्या कवितेत आड होता, रहाट होता. दोरावरचे तिचे हात नव्हते.

त्या दिवशी मला महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' आठवले. हे नाटक १९८५ साली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, तात्याजी गेल्यावर मुंबईहून आलेला सुधीर. पिढीजात दागिने अंगावर घालून उभी राहिलेली वहिनी पाहताना गेलेल्या वैभवाची हुरहूर आपल्यालाही लागते. पण त्याच वाड्यात प्रभा आहे. तिला शिकायचे होते. घराण्याच्या प्रतिष्ठेत ते बसले नाही. एलकुंचवार वाड्याची ओढ नाकारत नाहीत आणि प्रभेला झाकूनही ठेवत नाहीत.

म्हणून कुटुंबाची गोष्ट वाचताना मी आता एवढेच पाहतो, की आठवण सांगते आहे कोण? झोपाळ्यावर बसलेला, की चुलीपुढे बसलेली? घर एकच असते, आठवणी दोन असतात. त्यातली एकच सांगितली, तर ते घर अर्धेच उभे राहते.

ती कविता मी फाडली नाही. पुढच्या ओळींसाठी आपाला विचारत असतो. तिलाही त्या आडाची ओढ आहे. तिथे मैत्रिणी जमत, चेष्टामस्करी चाले. आणि शाळेची घंटा, ती म्हणते, आडावर अगदी स्पष्ट ऐकू यायची.