परमुलखांतली मोटार गांवीं आणतांना



गणपतीच्या आदल्या दिवशीं पलूसच्या बाजारपेठेंत घटकाभर उभें राहिलें, म्हणजे भारताचा नकाशा डोळ्यांसमोरून सरकतो. एका मोटारीच्या पाटीवर तामिळनाडूचीं अक्षरें, दुसरीच्या पाटीवर केरळचीं, तिसरीच्या पंजाबचीं. आंत बसलेलीं माणसें मात्र आपलींच असतात. विटा, खानापूर, आटपाडी, तासगांव, पलूस या भागांतील अनेक कुटुंबें गलाईच्या धंद्यासाठीं, म्हणजे सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठीं, देशभर पसरलीं आहेत. पावसानें पाठ फिरविली कीं मुलाला भट्टीवर धाडावयाचें, ही या टापूची जुनी रीत. सणाला आलेली मोटार आठ दिवसांनीं परत जाते. तिच्याविषयीं मला कांहीं सांगावयाचें नाहीं. मला बोलावयाचें आहे तें कायमची परत येणाऱ्या मोटारीविषयीं; आणि बोलण्यास आरंभ माझ्याच एका चुकीपासून करणें मला प्राप्त आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तामिळनाडूंत अठरा वर्षें गलाईचें दुकान चालवीत होता. वडिलांना अर्धांगवायु झाला, तेव्हां त्यानें दुकान आवरलें. निघण्यापूर्वीं त्यानें मला विचारलें, "गुरुजी, मोटार इथेंच विकूं, कीं घेऊन येऊं?" मीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, "अरे, देश एक, रस्ते एक. तुझी मोटार तूं आणलीस तर कोण विचारतो? घेऊन ये." चाळीस वर्षें मुलांना 'माहीत नसेल तर नाहीं म्हणा' असें शिकविणाऱ्या शिक्षकानें स्वतः तो धडा पाळला नाहीं.

मोटार आली. मिरजेच्या रुग्णालयांत वडिलांना नेण्या-आणण्यास तिचा उपयोगही झाला. दीड वर्षानें पैशाची निकड लागली आणि ती विकावी असें ठरलें. गिऱ्हाईक आलें, मोटार पसंत पडली, पण नोंदणीचें पुस्तक उघडतांच गिऱ्हाइकाचा चेहरा बदलला. नोंदणी तामिळनाडूची; तेथील ना-हरकत दाखला नाहीं; कर्ज केव्हांच फिटलेलें, तरी पुस्तकावर सावकार कंपनीचा बोजा तसाच; शिवाय दोन जुने दंड थकलेले. गिऱ्हाइकानें निम्मी किंमत सांगितली. ज्याचें आयुष्य दुसऱ्यांचें सोनें पारखण्यांत गेलें, त्याला त्या महिन्यांत बायकोच्या पाटल्या गहाण टाकाव्या लागल्या. तो मला एक शब्दही बोलला नाहीं, आणि म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनाला अधिक लागली. त्यानंतर मीं कायदा वाचून काढला. तो वाचल्यावर जें समजलें, तें आज आपल्यापुढें ठेवितों.

देश एक असतांना मोटारीला ही अडवणूक कां, असें कोणीही विचारील. याचें उत्तर आपल्या राज्यघटनेंत आहे. सातव्या परिशिष्टांतील राज्यसूचीच्या सत्तावन्नाव्या नोंदीनें वाहनांवरील कर राज्यांच्या हातीं दिला आहे. खासगी मोटार घेतांना बहुतेक राज्यें पुढील अनेक वर्षांचा कर एकदांच वसूल करतात. तो कर त्या राज्याच्या तिजोरींत पडतो. परंतु मोटार आपल्या गांवीं आली, म्हणजे झिजतात ते आपले रस्ते. आमच्या भागास ही कल्पना अगदींच अपरिचित नसावी. पलूसशेजारचें कुंडल १९४८ पर्यंत औंध संस्थानांत होतें आणि सांगलीचें राज्य निराळें होतें. ८ मार्च १९४८ रोजीं हीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. राजे गेले, सीमा पुसल्या. पण कराची सीमा राज्याराज्यांत अजून उभी आहे.

१९८८ चा मोटार वाहन कायदा या बाबतींत स्पष्ट आहे. एका राज्यांत नोंदलेली मोटार दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घेतलाच पाहिजे. हे बारा महिने म्हणजे सवलत आहे, विसरण्याची मुभा नव्हे. माझ्या विद्यार्थ्याची मोटार ही मुदत ओलांडून सहा महिने धावत होती.

आतां क्रम सांगतों. तो उलटा झाला कीं हेलपाटे वाढतात. पहिलें काम बोजा उतरविण्याचें. कर्ज फेडलें म्हणजे बोजा आपोआप जात नाहीं. सावकार कंपनीचें पत्र आणि तिच्या सहीचा पस्तीस क्रमांकाचा नमुना नोंदणी कार्यालयांत द्यावा लागतो. दुसरें, थकलेले दंड आणि कर भरून टाकणें. तिसरें, अठ्ठावीस क्रमांकाच्या नमुन्यांत ना-हरकत दाखल्यासाठीं अर्ज करणें. हा दाखला देण्यापूर्वीं वाहन चोरीचें नाहीं आणि सरकारचें देणें उरलेलें नाहीं, याची खातरजमा करून घेतली जाते. अर्जावर तीस दिवसांत नकार कळविला नाहीं, तर दाखला दिला असें कायदा धरतो. म्हणून अर्जाची पोंच जिवापाड जपावी. हीं तिन्ही कामें परमुलूख सोडण्यापूर्वींच उरकावीं. तेथें राहत असतां जें काम एका सकाळचें, त्याला येथून दोन दिवसांचा आगगाडीचा प्रवास पडतो.

गांवीं आल्यावर सत्तावीस क्रमांकाचा अर्ज घेऊन, मोटारीसह, सांगलीच्या परिवहन कार्यालयांत जावें. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक तेथें पडताळून पाहतात. मोटारीचें वय पाहून महाराष्ट्राचा कर घेतात आणि 'एमएच १०' या अक्षरांनीं सुरू होणारा क्रमांक देतात. विमा कंपनीस तो क्रमांक लगेच कळवावा. यानंतरचें काम बहुतेक जण सोडून देतात, आणि तेंच पैशाचें आहे. पहिल्या राज्यांत भरलेल्या कराचा उरलेल्या वर्षांचा भाग, नव्या नोंदणीचा पुरावा देऊन, परत मागतां येतो. मात्र आधीं येथें भरावयाचें आणि मागाहून तेथून मिळवावयाचें, असा हा व्यवहार आहे. तेवढी रक्कम गांठीं ठेवूनच बिऱ्हाड हलवावें.

वारंवार बदली होणाऱ्यांसाठीं सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' ही भारत मालिका निघाली आहे. तिच्यांत कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनीं भरतात आणि राज्य बदललें तरी क्रमांक बदलत नाहीं. परंतु ती सैन्यांतील व सरकारी नोकरांसाठीं, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयें असलेल्या कंपन्यांच्या नोकरांसाठीं आहे. एका गलींत एकच भट्टी पेटविणारा आमचा गलाईवाला त्या चौकटींत बसत नाहीं.

हल्लीं आपलीं मुलें आखातांतही आहेत. दुबईची मोटार गांवीं आणण्याचें स्वप्न पाहणाऱ्यास मी एवढेंच सांगेन, कीं तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, म्हणून सुकाणूचें चाक डावीकडे असतें. आणि आपल्या आयात नियमांप्रमाणें तें उजवीकडेच असावें लागतें. जुनी मोटार तीन वर्षांहून अधिक वयाची चालत नाहीं आणि ती मुंबई बंदरांतूनच यावी लागते. त्यावर करांची बेरीज कित्येकदां मोटारीच्या मूळ किंमतीहून अधिक होते. प्रवासी म्हणून कांहीं महिन्यांसाठीं मोटार आणून परत नेण्याची सोय निराळी आहे. तिला घर करण्याची परवानगी समजूं नये. दुबईची मोटार दुबईंतच विकून यावें, हें उत्तम.

तामिळनाडूची मोटार मात्र विकावीच असें मी म्हणणार नाहीं. कराचा फरक, प्रवासाचा खर्च आणि मोटारीचें उरलेलें आयुष्य, या तिन्हींचा हिशेब एका कागदावर मांडावा. मोटार दहा वर्षांची झाली असेल तर बहुधा तेथेंच विकणें परवडेल. दोन-तीन वर्षांची असेल तर आणणें.

माझ्या विद्यार्थ्यानें दोनदां तामिळनाडूची वारी केली, बोजा उतरविला, दंड भरले, दाखला आणला. त्याची मोटार आतां 'एमएच १०' आहे. ती विकली नाहीं. वडिलांना अजून मिरजेस न्यावें लागतें. पाटल्या मागल्या दिवाळींत सुटल्या. परवां त्याचा धाकटा भाऊ केरळांतून परत येण्याच्या विचारांत असल्याचें कळलें. त्यानेंही मला दूरध्वनीवरून तोच प्रश्न विचारला. या वेळीं मीं म्हटलें, "थांब. आधीं नोंदणीचें पुस्तक उघड, आणि त्यावर कोणाचें नांव आहे तें मला वाचून दाखव."