जुन्या पिकअपचा शाफ्ट

भाजीची गाडी बाजाराच्या वाटेवर अडली, की मालाची माती होते. म्हणून शाफ्टकडे आधीच लक्ष द्या.

गिअर टाकताना खालून 'टक्' आवाज येतो? वेगात गाडी थरथरते? मग इंजिन बंद करून सपाट जागी चाकांना दगड लावा, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हलवून पाहा. क्रॉस ढिला लागला तर नवाच घाला. मात्र खोलण्यापूर्वी प्रत्येक जोडावर पंचने खूण करा. बसवताना खुणा जुळल्या नाहीत, तर नव्या क्रॉसनेही थरथर जात नाही. शाफ्ट वाकलेला असेल तर वर्कशॉपात सरळ करून बॅलन्स करून घ्या, नाहीतर बदला.

निप्पल असेल तर चारही टोपणांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरा. ग्रीसचा खर्च थोडा, भरल्या गाडीचा खोळंबा मोठा.