डब्ल्यूएमडी म्हणजे काय रे भाऊ?

बातम्यांत ‘डब्ल्यूएमडी’ हा शब्द आपण ऐकतो. वेपन्स ऑफ मास डिस्ट्रक्शन, म्हणजे सर्वसंहारक अस्त्रं. समोर सैनिक आहे की शाळेत निघालेलं पोर, हे ती बघत नाहीत. गावंच्या गावं मारतात. मुख्य प्रकार तीन.

पहिला, अण्वस्त्रं. यात अणूचं केंद्रक फुटतं आणि प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये साधारण 64 किलो युरेनियम होतं. त्यातलं फुटलं जेमतेम एक किलो, आणि शहर बेचिराख झालं!

दुसरा, जैविक अस्त्रं. म्हणजे अँथ्रॅक्ससारख्या रोगाचे जंतू मुद्दाम पसरवायचे.

तिसरा, रासायनिक. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला. हो, पाणी शुद्ध करायला वापरतात तोच. हवेपेक्षा जड, त्यामुळे तो थेट सैनिकांच्या खंदकांत उतरला.

यावर 1925 साली जिनिव्हात बंदी आली. पण ती फक्त वापरावर. बनवायला, साठवायला मोकळीक, आणि तपासायला कुणीच नाही. इराकने तो करार स्वीकारला होता. तरी 16 मार्च 1988 ला सद्दामच्या विमानांनी हलब्जा या कुर्दी गावावर विषारी वायू टाकला. हजारो माणसं गेली.

मग 1997 मध्ये नवा करार लागू झाला. बनवायचं नाही, ठेवायचं नाही, असेल ते नष्ट करायचं. आणि निरीक्षक कारखान्यात येऊन बघणार. भारताने आपला साठा जाहीर केला आणि 2009 पर्यंत संपवला. शेवटी अमेरिकेने जुलै 2023 मध्ये. देशांनी जाहीर केलेला सगळा साठा आज नष्ट झालाय.

लपवणारे असतातच. सीरियाने 2013 मध्ये करार स्वीकारला, तरी तिथे पुढेही असे हल्ले झाले. पण निरीक्षक होते, म्हणून ते जगासमोर पुराव्यासकट आले. जैविक अस्त्रांवर 1975 पासून बंदी आहे, पण अशी तपासणी नाही. आणि अण्वस्त्रं? ती नऊ देशांकडे आहेत, त्यात आपणही आलो.

म्हणून पुढच्या वेळी ‘बंदी घातली’ अशी बातमी आली, की एकच प्रश्न विचारा: तपासायला कोण जाणार?

भेटू पुढच्या भागात!