डिसेंबरातला निकाल

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आयोजकांना मी विषय कळवला, 'अमेरिकेतल्या प्री-मेडच्या मुलांचा पहिल्या सत्राचा निकाल', तेव्हा फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. व्याख्यानमालेला इतका बारीक विषय चालेल का, अशी ती शंका होती. पण समोर पाहते तर निम्म्या खुर्च्यांवर असे आजी-आजोबा दिसतात ज्यांचं एखादं नातवंड न्यू जर्सीत नाही तर टेक्सासमध्ये कॉलेजला आहे. त्यातलं एखादं 'डॉक्टरकीला गेलं' आहे आणि इथे सोसायटीत पेढेही वाटून झालेत.

तर आधी पेढ्यांविषयी. ते जरा लवकर वाटले गेले आहेत. आपल्याकडे बारावी होते, नीट होते, 720 पैकी गुण कळतात आणि एमबीबीएसला प्रवेश मिळतो किंवा मिळत नाही. मेमधल्या एका दुपारी सगळा फैसला. तिकडे आधी चार वर्षांची साधी पदवी, मग वैद्यकीय शिक्षणासाठी अर्ज, आणि मग आणखी चार वर्षं. प्री-मेड नावाची पदवी बहुतेक ठिकाणी नसतेच. मुलीने इतिहासात पदवी घेतली आणि सोबत रसायन, जीवशास्त्र, भौतिकी, थोडं गणित असे ठरलेले विषय केले, तरी ती प्री-मेडच. म्हणजे तो प्रवेश नव्हे, इरादा आहे. आणि त्या इराद्याची परीक्षा एका दुपारी होत नाही, सत्रामागून सत्र चालू राहते. प्रत्येक विषयाला ए, बी, सी असा ग्रेड, ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, आणि या सगळ्यांची सरासरी म्हणजे जीपीए.

ही व्यवस्था काही अनादी नाही. आनंदीबाई जोशी 1883 साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे कुणी आधीची पदवी मागितली नव्हती. तिथल्या प्रमुख रेचल बॉडली यांना त्यांनी पत्र लिहिलं, आपली परिस्थिती सांगितली, आणि प्रवेश मिळाला. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. या बॉडलीबाई मूळच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका, हे मला रसायनवाली म्हणून आवर्जून सांगावंसं वाटतं. पदवीची अट आली ती जॉन्स हॉपकिन्सने 1893 साली आपली वैद्यकशाळा उघडली तेव्हा. पुढे 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला, त्याने अनेक दुबळ्या वैद्यकशाळांना टाळं लागलं आणि आधी कॉलेजात विज्ञान शिकून या, हा दंडक पक्का झाला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. पेशाने शाळामास्तर. आज आपल्या नातवंडाची झोप उडवणाऱ्या जनरल केमिस्ट्रीचा उगम तिथे आहे.

मी अनेक वर्षं तिकडच्या एका राज्य विद्यापीठात हाच विषय पहिल्या वर्षाला शिकवत होते. ऑगस्टच्या अखेरीस वर्ग सुरू होतो. उतरत्या पायऱ्यांचं मोठं सभागृह, तीनशेच्या आसपास मुलं, आणि पहिल्या दिवशी विचारलं की वैद्यकीयला कुणाला जायचंय, तर हातांचं रान उभं राहतं. डिसेंबरच्या मध्यावर अंतिम परीक्षा होते आणि नाताळच्या आसपास निकाल लागतो. शाळेत ज्याने बी पाहिलेला नाही त्याच्या पदरी सी पडतो, तेही आईवडील भारतातून आलेल्या पाहुण्यांना विमानतळावर घ्यायला निघालेले असताना.

हे का होतं? हुशारी कमी पडली म्हणून क्वचित. शाळेत शिक्षक जे सोडवून दाखवतात त्याच्यासारखंच परीक्षेत येतं. कॉलेजात जे सोडवून दाखवलं त्याच्या पुढचं येतं. मुलगा उत्तर पाठ करून गेलेला असतो आणि प्रश्न वेगळाच विचारलेला असतो.

2022 साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत यावरून मोठं प्रकरण झालं. मेटलंड जोन्स हे सेंद्रिय रसायनाच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकाचे लेखक, आधी प्रिन्स्टनला शिकवलेले, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या 350 मुलांच्या वर्गातल्या 82 जणांनी अर्ज केला की हा विषय फार कठीण शिकवला जातो, गुण फार कमी पडतात. विद्यापीठाने जोन्स यांचा करार संपवला. गंमत अशी की अर्जात त्यांना काढून टाका असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. जोन्स यांचं म्हणणं, मुलं प्रश्नच नीट वाचत नाहीत. मुलांचं म्हणणं, मदत मागायला जागा नाही. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात आणि विद्यापीठाची तिसरी बाजू अजिबात पटत नाही. कठीण विषय सोपा केल्याने डॉक्टर चांगला होत नाही, आणि शिक्षक घालवल्याने विषयही सोपा होत नाही.

आता थोडा हिशोब, कारण घरात रडारड होते ती हिशोब न करता. समजा पहिल्या सत्राचा जीपीए 2.8 आला. वैद्यकीय शिक्षणासाठीचा अर्ज बहुधा तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस होतो, म्हणजे सहा सत्रांनंतर. उरलेल्या पाच सत्रांत 3.7 ठेवता आला, तर एकूण 3.55 होतो. प्रवेश मिळणाऱ्यांची सरासरी अलीकडे 3.7 च्या पुढे आहे, त्यामुळे 3.55 थोडा खाली राहतो, हे खरं. पण प्रवेशाची दारं त्याने बंद होत नाहीत. एमकॅट ही 528 पैकी गुणांची वेगळी परीक्षा असते, रुग्णालयातला अनुभव पाहतात, मुलाखत होते. शिवाय तिथल्या सामायिक अर्जात जीपीए वर्षवार छापलेला असतो. चढती रेघ दिसते, आणि ती पाहणारी माणसं असतात. घाई नसेल तर पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं काम करून अर्ज करता येतो. आज वैद्यकीयला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं मधे असं अंतर घेतात.

या हिशोबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी नुसता धीर देऊन जाईन. हा सी पुसला जात नाही. विषय पुन्हा केला तरी त्या अर्जात दोन्ही ग्रेड मोजले जातात. म्हणून बी मिळालेला विषय पुन्हा करू नये, तो वेळेचा अपव्यय. सीच्या खाली गेला तर मात्र करावाच लागतो.

पण मला मुख्य सांगायचं आहे ते यापुढचं, आणि ते मी एका गणितज्ञाकडून शिकले. युरी ट्राइझमन. सत्तरच्या दशकात ते बर्कलीला संशोधन करत होते. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाची मुलं छान पास होत. ट्राइझमननी प्राध्यापकांना कारण विचारलं. उत्तरं आपल्या ओळखीची होती: जिद्द नाही, पाया कच्चा, घरी वातावरण नाही, पैसा नाही. मग त्यांनी दोन्ही गटांतली वीस-वीस मुलं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात हे त्यांच्या खोल्यांत, वाचनालयात जाऊन दीर्घकाळ पाहिलं. प्राध्यापकांची चारही कारणं खोटी ठरली. घरच्यांनी मुलांसाठी जिवाचं रान केलेलं होतं, जिद्द तर जरुरीपेक्षा जास्त होती. फरक एवढाच की कृष्णवर्णीय मुलं सांगितलेले तास इमानेइतबारे, पण एकटी अभ्यास करत. अडलं की आपल्यालाच येत नाही असं वाटून आणखी एकटी पडत. चिनी मुलं आधी एकेकटी गणितं सोडवत आणि संध्याकाळी जेवायला जमली की वह्या उघडत. एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नसेल तर भांडत. जुन्या प्रश्नपत्रिका काढत. सगळ्यांनाच एखादं गणित अडलं तर त्यांना कळे की गणितच अवघड आहे, आपण मठ्ठ नाही.

ट्राइझमननी मग काय केलं? कच्च्या मुलांची शिकवणी काढली नाही. उलट अधिक अवघड गणितांचा वर्ग काढला, मुलांना गटात बसवलं, आणि नापासांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

हे मी इथे का सांगते? कारण आपल्या मुलांचा अभ्यास बहुतेक वेळा एकट्याचा असतो आणि त्यांचं अपयश तर पूर्णच एकट्याचं. प्रवेश मिळाला की व्हॉट्सॲपवर विद्यापीठाचं नाव झळकतं, काका-मावशांचे अंगठे येतात. सी मिळाला की मुलगी रूममेटलाही सांगत नाही. आई फोनवर विचारते, "कसं चाललंय?" ती म्हणते, "चाललंय." तिकडे 1974 चा एक कायदा आहे, फेर्पा. त्यानुसार कॉलेजातल्या मुलाचे गुण ही त्याची खासगी बाब. फी आईवडील भरत असले तरी कॉलेज आपणहून निकाल घरी पाठवत नाही. कायदा योग्यच आहे, पण आपल्याकडच्या घरात त्याचा परिणाम असा होतो की लपवणं सोपं जातं. आणि लपवलेला निकाल कुणाबरोबर बसून वाचता येत नाही.

कॉलेजात प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स असतात. आठवड्यातले ठरलेले तास, दार उघडं, कुणीही यावं. माझ्याकडे त्या वेळी कोण येत असे? ज्यांना आधीच ए मिळणार होता ती मुलं! देशी मुलं तर सर्वांत कमी. मॅडमना कशाला त्रास, आणि आपल्याला काही येत नाही हे त्यांना कशाला कळू द्यायचं. जी यायची त्यांना मी एकच सांगायचे: उत्तरपत्रिका घेऊन या. प्रत्येक गेलेल्या गुणासमोर लिहायला लावायचे: प्रश्न चुकीचा वाचला, संकल्पना कळली नव्हती, आकडेमोड चुकली, की वेळ संपला. तासाभरात बहुतेकांच्या लक्षात यायचं की रसायनशास्त्र येत नाही हे वाक्य खरं नव्हतं. एका मुलाचे निम्मे गुण एककं न लिहिल्याने गेले होते.

आणि धडा पुन्हा पुन्हा वाचून रंगीत पेनांनी रेघा मारणं थांबवा. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तर उलट: वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. वाचताना 'येतंय' असं वाटतं ते पाच मिनिटांपुरतं खरं असतं, परीक्षा मात्र नंतर असते.

तिकडे एमआयटीसारख्या संस्थेत पहिल्या सत्रात उत्तीर्ण झालात तर तेवढंच लिहितात आणि नापास झालात तर नोंदच करत नाहीत. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. सगळीकडे ते होणार नाही, पण घरी करायला कुणाची मनाई आहे?

एक गंभीर गोष्ट. निकालानंतर मूल जेवत नसेल, झोपत नसेल, सगळं व्यर्थ आहे असं बोलत असेल, तर तिथे जीपीएची चर्चा करू नये. प्रत्येक विद्यापीठात समुपदेशन केंद्र असतं. अमेरिकेत 988 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, दिवसरात्र, फोन आणि मेसेज दोन्हीला. दूरच्या आजीलाही तो माहीत असलेला बरा.

आणि काही मुलं वैद्यकीयची वाट सोडतात. माझ्या वर्गातली पुष्कळ सोडत. कुणी सार्वजनिक आरोग्यात गेलं, कुणी संख्याशास्त्रात, एकजण स्वयंपाकाच्या शाळेत गेला आणि अतिशय खूश आहे. सोडण्यात वाईट काही नाही, पण ते डिसेंबरात ठरवू नये. अभ्यासाची पद्धत बदलून आणखी एक सत्र द्यावं. तरीही विषयाची गोडी लागली नाही तर सोडावं, आणि तेव्हा ती गुणांवरून आलेली निराशा नसेल, स्वतःची निवड असेल. व्यवहाराचं म्हणाल तर दुसरं सत्र बहुतेक ठिकाणी जानेवारीत सुरू होतं आणि विषय बदलायची मुदत पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संपते. तेव्हा जड विषय एकदम तीन घ्यायचे की दोन, हे नाताळच्या सुट्टीत, मूल घरी असतानाच बोलून घ्यावं.